पुढच्या वर्षी बघू, असं यंदा म्हणू नका

रायपुरातल्या मराठी कुटुंबांना कळकळीचं आवाहन



येत्या १६ जूनला छत्तीसगडमधल्या शाळा उघडतील. शाला प्रवेश उत्सव होईल, पहिलीतल्या पोरांच्या कपाळाला टिळा लागेल, हातात नवी पुस्तकं पडतील. त्याच सकाळी आपल्यापैकी कुणाच्या तरी गल्लीत एक मूल खिडकीचे गज धरून ही गडबड बघत बसलेलं असेल. वय शाळेचं, पण गणवेश शिवायला टाकलेला नाही. ते उशिरा बोलतं, किंवा चालताना पडतं, किंवा त्याला ऐकू येत नाही, किंवा ते कुणाच्या नजरेला नजर देत नाही. घरात ठरलं आहे, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

हे आवाहन त्या मुलासाठी आहे. जून तोंडावर आला आहे, म्हणून ते तातडीचं आहे.

मी हे का लिहिते आहे, ते आधी सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या छोट्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक मी बसवत असे. एका संध्याकाळी तालमीच्या वेळी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. भिंतीला धरून चालायची, शब्द ओढत बोलायची, पण समोरच्याचं सगळं तिला कळायचं. आई म्हणाली, "काकू, हिला घ्याल का नाटकात? एक वाक्य दिलं तरी चालेल. नाही तर झाड करा, धरून उभी राहील ती." मी म्हटलं, "यंदा पात्रं वाटून झाली गं. पुढच्या वर्षी नक्की बघू."

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण पुढच्या वर्षी ती आली नाही आणि मीही विचारायला गेले नाही. हळूहळू ते कुटुंब आरतीला येईनासं झालं, मग हळदीकुंकवालाही. खूप उशिरा मी त्या आईला भेटून माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. तुम्ही पुढच्या वर्षी म्हणालात. मग मी काय बोलणार?"

तेव्हापासून हे वाक्य मला जागोजागी ऐकू येतं. शाळेच्या कार्यालयात, शिबिराच्या नावनोंदणीत, लग्नाच्या बोलावण्यात, वाढदिवसाच्या यादीत. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना कुणाला दुखवायचं नसतं, म्हणूनच ती असं बोलतात. बाप्पाला निरोप देताना आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर यायला विनवतो, आणि वर्ष फिरलं की आपणहून मखर उभारायला लागतो. त्या मुलीला मी तेच वर्ष दाखवलं होतं. तिच्यासाठी मात्र मी काहीच उभारलं नाही.

मोठ्या माणसाचं एक वर्ष इकडचं तिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. लहान मुलाचं बिघडतं. मूल बोलत नसलं की घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "याचा बापही उशिराच बोलला होता." कधी कधी ते खरं असतं. पण मुलाला ऐकूच येत नसेल, तर वाट बघण्यात गेलेला प्रत्येक महिना त्याच्या भाषेतून वजा होतो. नवजात बाळाच्या कानांसाठी डॉक्टर एक, तीन, सहा असा हिशेब सांगतात: एका महिन्याच्या आत ऐकण्याची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल, तर पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत ते बहुतेक वेळा सरळ करता येतं, आणि पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झाली तर हे काम सोपं जातं. ही कामं पुढच्या वर्षावर टाकता येत नाहीत.

यासाठी सरकारी व्यवस्था आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडमध्ये त्याला आपण चिरायु म्हणून ओळखतो. चिरायुची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, पुढचे उपचार सुचवतात. पण ही पथकं जातात ती अंगणवाडीत आणि शाळेत. घराच्या मागच्या खोलीत ठेवलेलं मूल त्यांना दिसत नाही. जे मूल दिसत नाही त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून त्याच्या वाट्याचा शिक्षक, थेरपिस्ट, चाकाची खुर्ची, काहीच येत नाही.

अशी मुलं किती? २०११ च्या जनगणनेत देशभरात १९ वर्षांपर्यंतची ७८ लाखांहून अधिक दिव्यांग मुलं मोजली गेली. त्याच आकड्यांच्या आधारे युनेस्कोनं २०१९ मध्ये भारतासाठी जो अहवाल काढला, त्यात म्हटलं आहे की पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कुठल्याच शाळेत, बालवाडीत जात नाहीत, आणि ५ ते १९ या वयातली एक चतुर्थांश मुलं कुठेच शिकत नाहीत. पाचव्या वर्षी चारातली तीन मुलं घरी! त्यांच्यातल्या कितींच्या घरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं गेलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता आपल्याच राज्यातलं एक चित्र आठवा. १ जानेवारी २०२० ला सचिन तेंडुलकरनं दंतेवाडा जिल्ह्यातल्या एका मुलाचा व्हिडिओ लोकांपुढे ठेवला होता. पाय साथ देत नसलेला हा मुलगा गावच्या मैदानात मित्रांबरोबर क्रिकेट खेळतो. बॅटनं चेंडू टोलवतो आणि हातांवर, गुडघ्यांवर सरपटत धाव काढतो. पाहणाऱ्यांनी त्या मुलाच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. मी मात्र बाकीच्या पोरांकडे बघत राहिले. त्यांनी त्याला खेळायला घेतलं होतं. त्याच्यासाठी वेगळं मैदान काढलं नव्हतं, त्याला बाजूला बसवून धावा मोजायला लावल्या नव्हत्या. त्याची पाळी आली की बॅट त्याच्या हातात जात होती. समावेशन या जड शब्दाचा अर्थ त्या पोरांना कुणी शिकवला नव्हता. रायपूरसारख्या राजधानीत, शिकल्यासवरल्या घरांत, आपल्याला तो शिकावा लागतो आहे.

शिकायचं तर कायद्यापासून सुरुवात करू, कारण बरेच आईबाप शाळेच्या दारात हात जोडून उभे राहतात. हात जोडायची गरज नाही. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, खेळात आणि कार्यक्रमांतही बरोबरीनं घ्यायचं, इमारत त्याला वापरता येईल अशी करायची, असं हा कायदा सांगतो. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा हवं असल्यास विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळू शकते. फार गंभीर किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्यायही २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात आला. हा पर्याय मुलाच्या सोयीसाठी आहे, शाळेच्या सुटकेसाठी नाही. विशेष शिक्षक किती हवेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या निकालात सांगून ठेवलं आहे: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक.

एवढं सगळं असताना मुलं घरी का? कारण कायदा आपणहून कुणाच्या दारात जात नाही. दारात माणसाला जावं लागतं.

आपल्या शहरात असं आधीही घडलं आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, मुलींना शाळेत घालायचं म्हटलं की घराघरांतून नाही म्हटलं जायचं, अशा काळात पंडित माधवराव सप्रे यांनी रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा उभी केली. 'छत्तीसगढ मित्र' काढणारा, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारा हा मराठी माणूस लेखणीवर थांबला नाही. तेव्हाही लोकांनी म्हटलंच असेल, घाई काय आहे? आज आपल्या लेकी त्या वाटेनं इतक्या पुढे गेल्या की तो प्रश्न आपल्याला आठवतही नाही. दिव्यांग मुलांच्या बाबतीत आपण अजून त्या जुन्या प्रश्नापाशी उभे आहोत.

म्हणून माझं मागणं आहे, यंदाचं पंचांग हातात घ्या. पुढचं नको, यंदाचंच. त्यातल्या चार ठिकाणी खूण करा.

पहिली खूण जूनवर. तुमच्या इमारतीत, गल्लीत, नात्यात असं एखादं मूल असेल तर १६ जूनच्या आत त्याच्या घरी जा. सल्ला द्यायला जाऊ नका. "प्रवेशाला जाताना मी सोबत येऊ का?" एवढंच विचारा. एकट्या आईला कार्यालयात जे उत्तर मिळतं, ते दोन माणसं बरोबर असली की बदलतं. मुख्याध्यापक नाही म्हणाले, तर नम्रपणे सांगा की नकार लेखी द्या. तोंडी नकार पटकन निघतो, लेखी द्यायला हात थांबतो. लेखी मिळालाच, तर जिल्हा शिक्षण अधिकारी आहेत, राज्याचे दिव्यांगजन आयुक्त आहेत. तुमच्यापैकी जे वकील, निवृत्त अधिकारी, शिक्षक आहेत, त्यांनी असा एक अर्ज यंदा कुणासाठी तरी लिहून द्यावा.

आपल्याकडे धुणीभांडी करायला, पोळ्या करायला येणाऱ्या बाईलाही विचारा. बऱ्याचदा अशा बाईचं मूल घरी एकटं असतं, कधी मोठ्या बहिणीच्या गळ्यात टाकलेलं, कधी दाराला कडी लावून ठेवलेलं. त्या मुलाबरोबर बहिणीचीही शाळा सुटते. अंगणवाडीत दिव्यांग मुलांना कसं सामावून घ्यायचं, यासाठी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये खास कार्यपद्धती जाहीर केली. अंगणवाडी ताईंना आणि वस्तीतल्या मितानिनला, म्हणजे आरोग्यसेविकेला, त्या मुलाचं नाव सांगणं हे दहा मिनिटांचं काम आहे. एखादं मूल टाकून दिलेलं, मारहाण सोसणारं, रस्त्यावर एकटं फिरणारं दिसलं तर लावायचा १०९८ हा बालमदत क्रमांक फोनमध्ये आजच भरून ठेवा.

दुसरी खूण राखीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी इथे भोजली असते. टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब तळ्यात शिरवले जातात, त्यातले थोडे मैत्रिणीच्या कानामागे खोवले जातात आणि त्या दोघी जन्मभर एकमेकींना नावानं न हाकारता भोजली म्हणतात. छत्तीसगडमध्ये मैत्री अशी विधी करून जोडतात. महापरसाद, गंगाजल, जंवारा अशी तिची किती नावं! असा मितान, म्हणजे विधीनं जोडलेला मित्र, केला की जात आड येत नाही, आणि एका पिढीनं जोडलेलं नातं पुढची पिढी पाळते. आपण भोसल्यांच्या काळापासून या मातीत राहतो, इथली ही रीत आपणही उचलावी.

कारण या मुलांना सर्वांत जास्त उणीव असते ती मित्राची. डॉक्टर त्यांना भेटतात, थेरपिस्ट भेटतात, देवळात कुणी डोक्यावरून हात फिरवून "बिचारं" म्हणतं. पण "चल रे, खेळायला येतोस का?" असं म्हणणारं समवयस्क पोर भेटत नाही. माझं मागणं आहे की आपल्यातल्या प्रत्येक कुटुंबानं यंदा एका मुलाशी मितान जोडावा. तुमच्या मुलानं आठवड्यातली एक संध्याकाळ त्याच्याकडे जावं, एक संध्याकाळ त्यानं तुमच्याकडे यावं. दोन्ही बाजूंनी येणंजाणं हवं, नुसती मदत नको. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. मूल काही सांडेल, ओरडेल, एकच खेळ वीस वेळा खेळेल. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तुमच्या मुलांना त्याची भाषा तुमच्या आधी कळायला लागेल.

याच ठिकाणी भाषेबद्दलही बोलते. कोंदा, भैरा, खोरवा, पगला हे शब्द पोरांच्या तोंडी आपोआप येत नाहीत, ती मोठ्यांकडून ऐकतात. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला तर २०१६ च्या कायद्यानं सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा धाक न घेताही एवढं करता येईल: त्या मुलाला नाव आहे, ते नाव घ्या. आणि त्याच्या आईला "हे कसं झालं हो?" असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर तिनं शेकडो वेळा दिलेलं असतं.

तिसरी खूण गणेश चतुर्थीवर. रायपुरातल्या प्रत्येक मराठी मंडळानं, प्रत्येक कॉलनीच्या उत्सव समितीनं यंदाच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा. मांडवाच्या पायऱ्यांशेजारी उतार करा. एक फूट उंचीला बारा फूट लांब फळी, हे प्रमाण मांडववाल्याला सांगितलं की तो करून देतो. रोज एक तास बिनआवाजाच्या दर्शनाचा ठेवा, ढोल नको, डीजे नको. बऱ्याच स्वमग्न मुलांना तो आवाज कानात टोचल्यासारखा होतो आणि त्यांचे आईबाप उत्सवाचे दहाही दिवस घरात काढतात. मूर्ती घडत असताना दृष्टिहीन मुलांना ओल्या शाडूवर हात फिरवू द्या, त्यांना गणपती दिसेल. ऐकू न येणाऱ्या मुलाचे हात आरतीच्या वेळी ढोलकीच्या पानावर टेकवा, ताल त्याच्यापर्यंत पोचेल. आणि नाटक असेल तर पात्रं वाटायच्या आधी या मुलांची नावं लिहा. नंतर लिहायला गेलं की काय होतं, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

चौथी खूण पौष पौर्णिमेवर. त्या दिवशीच्या छेरछेरा सणाला मुलं झोळ्या घेऊन दारोदार फिरतात, धान मागतात, आणि कुठलंही घर त्यांना रिकाम्या हाती परत पाठवत नाही. त्या घोळक्यात यंदा एक चाकाची खुर्ची असू दे. तोवर जूनपासून सहा महिने झालेले असतील. तुमच्या घरातला मितान त्या खुर्चीमागे उभा असेल, तर हे आवाहन पोचलं असं मी समजेन.

काही मुलांचं दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही. आपल्या छत्तीसगडमध्ये आणि पलीकडे विदर्भातही सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. इथे लोक त्याला सिकलिंग म्हणतात. २०१६ च्या कायद्यात त्याचाही समावेश आहे. अशा मुलाला थंडीत, ऊन लागल्यावर, पाणी कमी पडल्यावर हाडांत असह्य वेदना होतात. वर्गात ते मलूल बसतं आणि आळशी ठरतं, वारंवार पाणी प्यायला उठलं तर शिक्षा होते. शिक्षक मित्रांनो, त्या मुलाला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या, थंडीत सकाळच्या कवायतीतून सूट द्या, दुखण्यानं बुडालेला अभ्यास भरून काढायला एक सोबती द्या. याला पैसे लागत नाहीत.

आता या मुलांच्या आईबाबांशी आणि आजीआजोबांशी बोलायचं आहे.

तुम्ही मुलाला घरात ठेवता ते लाजेपेक्षा भीतीनं, हे मला कळतं. बाहेर कुणी हसेल, ढकलेल, नको ते बोलेल. ही भीती खोटी नाही. पण तुमच्यानंतर त्याचं कसं, हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नाही ना? त्याचं उत्तर घराच्या बाहेरच आहे, त्याला ओळखणाऱ्या माणसांत. म्हणून आधी कागद करा. जिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाकडून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा, त्यावाचून पुढचं काही हलत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, तिच्यातून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. असं मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हे आजच वहीत लिहून ठेवा.

वाट दाखवणारी ठिकाणं लांब नाहीत. मठपुरैनात दृष्टी आणि श्रवण बाधित मुलांची सरकारी शाळा आहे. टाटीबंधला एम्स आहे. ७० किलोमीटरच्या आसपास राजनांदगावला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं पुनर्वसन केंद्र आहे. १९३५ पासून चाललेलं आपलं महाराष्ट्र मंडळ समता कॉलनीत दिव्यांग मुलींसाठी विकासगृह चालवतं. तिथे नुसता वाढदिवसाचा केक घेऊन जाऊ नका, तिथल्या मुलींना आपल्या घरच्या सणाला बोलवा. आणि ऐकू न येणारी मुलं पुढे काय करणार, असा प्रश्न पडत असेल तर नुक्कड कॅफेत जाऊन एक कप चहा घ्या. मूकबधिर तरुण तिथे तुमची ऑर्डर घेतात, आणि दहा मिनिटांत तुम्हीच खुणांनी धन्यवाद म्हणायला शिकता.

आपल्या विदर्भातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर अनेकांना ठाऊक असतील. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची मानसकन्या माला पापळकर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जन्मतः दृष्टिहीन असलेलं हे बाळ जळगाव रेल्वे स्थानकावर कुणी तरी सोडून गेलं होतं. परीक्षा पास झाली म्हणून मालाची किंमत वाढली, असं मला म्हणायचं नाही. परीक्षा न देणाऱ्या मुलीचाही अंगणावर तितकाच हक्क आहे. मी तिचं नाव घेतलं ते एवढ्यासाठी की स्थानकावर सापडलेल्या त्या बाळाबद्दल वझ्झरला कुणी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं नाही.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या घरी गेले. ती मुलगी आता विशी ओलांडलेली आहे, गॅलरीत बसून संध्याकाळी खालच्या पोरांचा खेळ बघत असते. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, यंदा नाटक बसवते आहे, पात्रं अजून वाटलेली नाहीत. तू येशील का? तिनं बराच वेळ घेतला. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, आणि मी मध्ये बोलायचं नाही हे या वेळी मी ठरवून गेले होते. मग ती म्हणाली, "झाड नको. बोलायचंय."

श्रावणात आमच्या तालमी सुरू होतील. पहिलं वाक्य तिचं आहे. ते पूर्ण व्हायला जितका वेळ लागेल, तितका वेळ प्रेक्षकांनी शांत बसून ऐकावं, एवढं मी त्यांना आधी सांगणार आहे.

तुमच्याही गल्लीत असं एक दार आहे. आज संध्याकाळी ते वाजवा. काय बोलावं सुचलं नाही तर इतकंच म्हणा: "आमच्याकडे उद्या मुलं खेळायला जमतायत. तुमच्याकडच्यालाही पाठवा ना, मी घ्यायला येते."

आणि उद्या घ्यायला नक्की जा.